एका रेघेपायी पिंजरा

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी जाळी आहे. पिंजरा म्हणा हवं तर, सगळे तेच म्हणतात. पण माझ्यात कधी तितर घुमला नाही की पोपट बोलला नाही. किर्गीझ डोंगरांतल्या कोक-बेल गावच्या वाचनालयात, कोळशाच्या शेगडीशेजारी मी उभी आहे आणि माझ्या पोटात एक कॉम्प्युटर आहे. ना पाखरू, ना गाणं, नुसतं किल्लीचं येणंजाणं, असा माझा जन्म.

पिंजरा दिसला की आत कोण आहे, एवढंच लोक वाकून बघतात. बाहेर कोण राहिलं, हे कुणी विचारत नाही. मी तेच सांगणार आहे. जरा जवळ सरकून बसा.

मला घडवलं कुबान उस्ताने. उस्ता म्हणजे कारागीर. हा वेल्डिंगवाला डोंगराच्या पलीकडच्या गावात राहतो. त्याआधी मी दवाखान्यातल्या एका खाटेची ताणलेली जाळी होते. खाट मोडली आणि मी उस्ताच्या गोठ्यामागे पडून राहिले. बकऱ्या अंगावरून उड्या मारायच्या. मग एके दिवशी उस्ताने मला उचललं, चारी बाजूंनी जाड पट्ट्या जोडल्या, बिजागऱ्या लावल्या, दार बसवलं. ठिणग्या उडत होत्या आणि मी मनात म्हणत होते, देवा, आता तरी कुणाच्या उपयोगी पडेन. देव प्रार्थना ऐकतो, मित्रांनो. कोणत्या वाटेने ऐकतो, ते मात्र आपल्या हातात नाही.

माझा जन्म का झाला, ते आता ऐका. तुमच्या मराठीत 'पोटफोड्या ष' असतो ना? तसा किर्गीझ भाषेत एक पोटफोड्या ओ आहे. गोल काढायचा आणि त्याच्या पोटातून आडवी रेघ मारायची, की त्याचा उच्चारही बदलतो आणि अर्थही. साधा ओ लिहिला तर 'तोर' होतं, म्हणजे जाळी, गज, पिंजरा. ओच्या पोटात रेघ मारली की 'त्योर' होतं, म्हणजे घरात आत, दारासमोरच्या भिंतीशी असलेली मानाची जागा. घरात पाहुणा आला की त्याला त्योरवर बसवायचं, गरम बोर्सोक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, आधी त्याच्यापुढे ठेवायचे, ही इथली रीत. त्या वर्षी गावात मोबाइल नवे होते आणि त्यांत रशियन अक्षरंच तेवढी होती. पोटफोड्या ओ नव्हताच. लोक साधा ओ लिहीत आणि वाचणारा संदर्भावरून समजून घेई.

वाचनालयाला कॉम्प्युटर भेट मिळणार असं कळलं, तेव्हा वाचनालयाचे प्रमुख इसमानाली-आगाय हरखून गेले. आगाय म्हणजे गुरुजी. इथे कुणाही मानाच्या पुरुषाला तसंच म्हणतात. ते म्हणाले, "आपल्याकडे पाहुणा येतोय. त्याला जमिनीवर ठेवायचं का? दारासमोर उंच, लोखंडी पायांचा चौथरा करून घेऊ." आणि त्यांनी कुबान उस्ताला मोबाइलवरून निरोप धाडला: कॉम्प्युटरसाठी तोर कर. मजबूत हवा.

उस्ताने संदर्भ पाहिला. पण संदर्भ कोणता? तर निरोप धाडणारा माणूस!

आता इसमानाली-आगायंबद्दल सांगते. ते वाईट माणूस नव्हते हं. पण ज्याच्या हातात चिमूटभर सत्ता असते, तो मूठ फार घट्ट आवळतो. मूठ उघडली आणि आत काहीच दिसलं नाही तर? ही भीती असते बिचाऱ्याला. त्यांच्या वाचनालयात कामाला माणसं मोजून दोन. एक बुरमाकान-एजे. एजे म्हणजे थोरली बहीण. नवरा गेलेली, पन्नाशीतली, हसताना तोंडाला पदर लावावा तसा डोक्यावरचा रुमाल लावणारी. दुसरी जिबेक, शहरात शिकून परत आलेली पोरगी, जीभ अशी की दोरा कापावा. या दोघींवर आगायंचं राज्य. चपला कोणत्या कोपऱ्यात काढायच्या, खिडकीचा पडदा कुणी सारायचा, शेगडीत कोळसा किती घालायचा, सगळ्याला हुकूम. चहाची किटलीसुद्धा कपाटात कुलूपबंद. चहा कधी प्यायचा, हे तेच ठरवायचे.

अशा माणसाने 'तोर' मागितला, तर उस्ता बिचारा काय समजणार?

मी ट्रकमधून आले. उस्ता मला दारातून तिरकी करून आत घेत होता.

"आगाय, जरा दार धरा. जड आहे."

"हे काय आणलंस, उस्ता?"

"तोर."

"कसला तोर?"

"आता तुम्हीच लिहिलंत की! तोर कर, मजबूत हवा. बघा मजबुती. आत बैल कोंडला तरी हलायचा नाही."

जिबेकने गळ्यातल्या मफलरमध्ये तोंड खुपसलं. "अगं एजे, आगायंना त्योर हवा होता!"

"गप गं," बुरमाकान-एजे पुटपुटल्या, पण त्यांचेही खांदे हलत होते.

उस्ताने टोपी मागे सारून डोकं खाजवलं. "त्योर? हे कसं सुचायचं मला? किटलीला कुलूप घालणाऱ्या माणसाने पिंजरा मागितला. मी म्हटलं, चला, बरोबर आहे."

मित्रांनो, त्या घटकेला आगाय हसले असते, तर माझी गोष्ट तिथेच संपली असती. मी परत गोठ्यामागे गेले असते आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. पण माणसाला आपलं चुकलं म्हणण्यापेक्षा डोंगर उचलणं सोपं वाटतं. आगायंचे कान लाल झाले. ते माझ्याभोवती एक चक्कर मारून आले.

"मला तोरच हवा होता," ते म्हणाले. "सरकारी वस्तू आहे. त्योरवर काय, उद्या कुणीही येऊन बसेल."

"मग कुलूप कुठाय, आगाय?" जिबेकने विचारलं. ती टोमणा मारत होती.

आगाय त्याच दुपारी बाजारातून कुलूप घेऊन आले.

तेव्हापासून रोजचा नेम सुरू झाला. सकाळी आगाय दार उघडत, जिबेकने दाखवलेलं एकच बटण दाबत, पडदा फडक्याने पुसत आणि कुलूप लावून किल्ली खिशात टाकत. जिबेकने यंत्र बसवतानाच अशी सोय केली होती की चालू होताच पुस्तकांची नोंद आपोआप समोर उघडावी. दिवसभर ते उजळून बसलेलं असे. कुणी काही लिहीत नसे, कुणी काही शोधत नसे. गावकरी बघायला येत. एका म्हाताऱ्याने माझ्यात नाक घालून विचारलं, "याला चारा काय घालता रे?"

हसू नका. देवळात दिवा असतो तो लोकांना वाट दिसावी म्हणून. दिवा कोंडून ठेवला आणि म्हटलं बघा किती जपलाय, तर त्याला जपणं म्हणायचं का?

पण माझं कौतुक झालं! आयुष्यात पहिल्यांदाच. शरद ऋतूत जिल्ह्याच्या कचेरीतून उमसुनाय नावाच्या अधिकारी बाई तपासणीला आल्या. मला पाहून थबकल्या.

"वा, आगाय! बाकीच्या वाचनालयांत लोक कीबोर्डवर सूर्यफुलाच्या बिया सोलतात. टरफलं आत जाऊन कळा बसतात. जपणूक असावी तर अशी. मी दुसऱ्या गावांनाही सांगणार आहे."

आगाय फुलले. मीही फुलले, खोटं का बोलू? पण आमचं दोघांचं दार तिथेच कायमचं लागलं, हे मला मागाहून कळलं. चूक झाकायला ठेवलेली गोष्ट सुधारता येते. वाखाणलेली गोष्ट कोण सुधारणार?

जाता जाता उमसुनाय म्हणाल्या, "आणि हो, वसंतात मी परत येईन. ग्रंथपालाच्या जागेवर जी व्यक्ती आहे, तिने कॉम्प्युटरवर पुस्तक शोधून दाखवायचं आणि एक नवं नोंदवायचं. जमलं नाही, तर जागा ज्याला जमतं त्याला द्यावी लागेल. वरून हुकूम आहे, माझ्या हातात नाही."

ग्रंथपाल म्हणजे बुरमाकान-एजे. त्यांनी शेगडीला हात टेकला. शेगडी गरम आहे, हेही त्यांना कळलं नाही.

आणि ज्याला जमतं, असं गावात एकच माणूस होतं. जिबेक.

दुसऱ्या दिवशी एजेंनी किल्ली मागितली.

"अर्ज करा," आगाय म्हणाले.

"केला की. तुमच्या टेबलावर आहे."

"त्यावर माझा विचार चाललाय."

"आगाय, तुम्ही समोर बसा, मी तुमच्या डोळ्यांदेखत शिकते."

"मला कामं असतात."

कामं म्हणजे काय, तर खिडकीशी बसून नाक्यावर कुणाची गाडी आली ते बघणं. खरी गोष्ट मला ठाऊक होती, कारण मी त्यांना रोज सकाळी अगदी जवळून बघत होते. त्या एका बटणापलीकडे त्यांना काहीच येत नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही कळेजवळ बोट गेलं की ते तव्यावरून काढावं तसं मागे घेत. एजे शेजारी बसल्या आणि त्यांनी विचारलं, 'आगाय, हे कसं करायचं?' तर काय उत्तर देणार? म्हणून कुलूप. मी बाईला बाहेर कोंडत होते आणि साहेबांना आत.

मग एजेंनी विणायच्या सुया आणल्या.

माझ्या भोकांतून बोट जाईल, पण पंजा जात नाही, आणि कीबोर्ड तर हातभर आत. आगाय जेवायला घरी गेले की एजे माझ्यासमोर स्टूल ओढत, बिस्मिल्ला म्हणत आणि सुई आत घालत. टोक थरथरे. नेमकी कळ सापडेपर्यंत घाम फुटे.

"डावीकडे, एजे. अजून. हां, दाबा!" जिबेक मागून सांगे.

"दाबलं. हे काय आलं?"

"तुम्हाला 'क' हवा होता, तिथे सात आलाय."

"मेला सात! कुणी बोलावलं त्याला?"

दोघी हसत. हसता हसता एजे एकदम थांबल्या. "तू मला का शिकवतेस गं? मला जमलं नाही तर जागा तुझी आहे."

"तुमच्या खुर्चीवर कोण बसणार, एजे? तुमची ती उशी टोचते." जिबेकने त्यांच्या हातातली सुई सरळ केली. "चला, पुढचं अक्षर."

मी जाळी आहे, मित्रांनो, मला हात नाहीत. असते तर माझीच वीण उसवून मी त्या सुईला वाट दिली असती. बांधलेल्याचं दुःख सगळे जाणतात. ज्याच्या अंगाने बांधलं जातं त्याचं दुःख कोण जाणतं?

आगायंनी त्यांना पकडलं, ते विसरलेला मफलर घ्यायला परत आले म्हणून. हुकूम निघाला, वाचनालयात विणकामाच्या सुया बंद. सुया किटलीशेजारी कपाटात गेल्या.

दुसऱ्या दिवशी एजेंच्या हातात चियच्या काड्या होत्या. चिय हे नदीकाठचं उंच, ताठ गवत. बायका त्याच्या काड्यांच्या चटया विणतात.

"सुया बंद आहेत ना, बुरमाकान?"

"सुया नाहीत, आगाय. हे गवत आहे."

"वाचनालयात गवत कशाला?"

"चटई करतेय. घरी वेळ मिळत नाही."

आगायंनी कॉम्प्युटर आणखी मागे सरकवला. एजेंनी आणखी लांब काड्या आणल्या. आगायंनी मग शेवटचा उपाय केला. त्यांनी सकाळचं बटण दाबणंच बंद केलं. वीज फार लागते, म्हणाले.

पडदा काळा झाला. तो हिवाळा मी कधी विसरणार नाही. खिडकीला आतून बर्फ धरलेला, शेगडी धुमसतेय, आणि माझ्या पोटात काळोख. आता संपलं, असं मला वाटलं. पण दुपारी आगाय जेवायला गेले आणि एजेंनी स्टूल ओढलं. काडी आत आली. खट. खट. खट.

"एजे, दिसत तर काहीच नाही," जिबेक म्हणाली.

"तुला तर ठाऊक आहे ना काय दिसलं असतं? तू सांग."

जिबेक माझ्याशेजारी उभी राहून सांगू लागली. "आता 'क' आला. आता 'आ'. नाही, हा चुकला, पुसा. हां. आता नाव पुरं झालं, मोठी कळ दाबा. आता पुस्तक सापडलं."

"सापडलं?"

"सापडलं, एजे. तिसऱ्या फडताळावर आहे."

काळ्या पडद्यावर न दिसणारं पुस्तक, आणि दोघींच्या चेहऱ्यावर आनंद. याला श्रद्धा नाही म्हणायचं, तर कशाला म्हणायचं?

वसंत आला. रस्त्यातला चिखल तुडवत उमसुनायही आल्या. आगायंनी त्या दिवशी बटण दाबलं, दार सताड उघडलं आणि बाजूला उभे राहिले. एजेंसाठी खुर्ची अगदी कीबोर्डाजवळ सरकवली.

एजे बसल्या. दोन्ही हात कळांवर धरले. आणि हात तिथेच राहिले.

मित्रांनो, त्यांना प्रत्येक कळ पाठ होती, पण लांबून. काडीच्या टोकाने, माझ्या कोणत्या भोकातून किती वाकायचं, तसं पाठ होतं. एवढ्या जवळून, उघड्या दारातून त्यांनी ते यंत्र कधी पाहिलंच नव्हतं. उमसुनायंनी घड्याळाकडे पाहिलं. जिबेकने ओठ चावला.

"काय झालं?" उमसुनाय हळूच म्हणाल्या. "शोधा की. कोणतंही पुस्तक."

एजे उठल्या. कानापर्यंत लाजलेल्या.

"मुली," त्या उमसुनायंना म्हणाल्या, "ते दार जरा लावतेस का?"

"कोणतं दार?"

"पिंजऱ्याचं. कुलूप नको, नुसतं लाव. मला असंच येतं."

उमसुनायंना वाटलं, थट्टा आहे. त्यांनी जिबेककडे पाहिलं, मग आगायंकडे. आगाय जमिनीकडे बघत होते. शेवटी उमसुनायंनीच स्वतःच्या हाताने माझं दार लावलं.

एजेंनी स्टूल ओढलं. रुमाल ठीक केला. बाहीतून दोन काड्या काढल्या, बिस्मिल्ला म्हटलं आणि एक इथून, एक तिथून आत घातली. खट, खट, खट. जराही थरथर नाही. नाव उमटलं. मोठी कळ. पुस्तक सापडलं. मग नवं पुस्तक नोंदवलं, नाव, लेखक, फडताळ. एकदा सात आला, तो त्यांनी पुसला. सगळं झाल्यावर काड्या बाहेर काढून मांडीवर ठेवल्या.

शेगडीत कोळसा तडकला.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" उमसुनायंनी विचारलं.

"आगायंनी," जिबेक म्हणाली. "दार लावून."

"आगाय, तुम्ही बसा बघू," उमसुनाय म्हणाल्या. "तुम्ही शोधून दाखवा."

आगायंनी टोपी काढली. दार उघडलं. मी त्यांना रोज पाहत आले होते, पण ते इतके लहान कधी दिसले नव्हते. ते बसले. बोट पुढे आलं, मागे गेलं. परत पुढे आलं. मानेवर घाम आला. जिबेकसुद्धा हसली नाही.

तेवढ्यात मागच्या बाजूने, माझ्या एका भोकातून, चियची एक काडी हळूच आत सरकली आणि आगायंच्या बोटाशेजारच्या कळेवर टेकली.

"ही, आगाय," बुरमाकान-एजे म्हणाल्या. "हळू दाबा. चावत नाही."

आगायंनी दाबलं. अक्षर उमटलं. काडी पुढच्या कळेवर गेली. बोट मागोमाग गेलं. सगळं नाव असं पुरं झालं, काडी पुढे, बोट मागे. पुस्तक सापडलं तेव्हा आगायंनी डोळे पुसले आणि म्हणाले, "शेगडीचा धूर फार होतो इथे."

"होतो, आगाय," एजे म्हणाल्या.

उमसुनाय खुर्चीत बसल्या. कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मी शरदात या पिंजऱ्याचं कौतुक करत गावोगाव फिरले. आता परत जाऊन, माझं चुकलं, असं सांगावं लागेल." मग एजेंकडे वळल्या. "तुमची जागा तुमचीच आहे. काडीने लिहायचं नाही, असा हुकूम मी कुठे वाचलेला नाही. चहा मिळेल का?"

आगायंनी कपाट उघडलं. किटली काढली, सुया काढल्या. सुया त्यांनी दोन्ही हातांनी एजेंपुढे धरल्या. एजेंनी त्या घेतल्या, तेवढ्यात बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी आगाय पाना घेऊन आले आणि माझ्या बिजागऱ्या सोडवू लागले. हात काळे झाले, एक बोट चेमटलं, पण कुणाला बोलावलं नाही. दार निघालं. ते त्यांनी घरी नेऊन कोंबड्यांच्या खुराड्याला लावलं. तिथे त्याची गरज आहे. तिथे कोल्हा येतो.

बाकी मी इथेच आहे. मला दार नाही, एवढंच. मुलं येतात, आत हात घालतात, चुकतात, पुसतात. ओले हातमोजे माझ्यावर वाळत टाकतात. आगायही येतात, सगळे गेल्यावर नाही, सगळ्यांच्या देखत. अजून एकाच बोटाने लिहितात, ओठांनी अक्षर पुटपुटत.

मित्रांनो, वस्तू जपायची म्हणजे तिला हात लागू द्यायचा. ज्ञानाचंही तसंच. वापरून झिजलेली वस्तू भाग्याची, न वापरता चकाकणारी अभागी. हे मी ऐकीव सांगत नाही, अंगावर काढलंय.

आणखी एक विनंती. माझ्या कोपऱ्यांना गंज चढू लागला आहे, हातमोज्यांचं पाणी फार मुरतं. कुणी रंगाचा एक हात मारला, तर मी आणखी बरीच वर्षं उभी राहीन. रंग कोणताही चालेल. दार मात्र नको.